खालची घडी

९ सप्टेंबर, मंगळवार

गादीखाली सापडली! चादर बदलायला गेले, कोपरा उचलला — काळी वही. आणि वहीखाली रुमालात बांधलेलं बोचकं. मेणबत्तीचे तीन तुकडे, गाठी मारलेला निळा दोरा, गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत मीठ. माझ्याच बरणीतलं मीठ! तरीच म्हटलं, एवढ्यात कसं संपलं.

वहीच्या पहिल्या पानावर हिरव्या शाईने चंद्र काढलाय. खाली एकच शब्द — विक्का. मला आधी वाटलं कोणा मुलाचं नाव असेल, आणि तेवढ्यानेच धस्स झालं. आता वाटतं, मुलाचंच असतं तर परवडलं असतं. पुढची पानं उलटली. मंत्र, विधी, कोणत्या तिथीच्या चंद्राला काय मागायचं. चेटूक! माझ्या घरात, माझ्या पोटच्या पोरीच्या गादीखाली!

सगळं होतं तसं ठेवलं. चादर मात्र बदलली.

१० सप्टेंबर, बुधवार

काही बोलले नाही. पाणीखात्याच्या माझ्या खिडकीवर आज त्रेपन्न तक्रारी, अर्ध्याअधिक गढूळ पाण्याच्या. एकाने बाटलीच आणली होती भरून. म्हणे, "बाई, तुम्हीच पिऊन बघा."

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बोललेच शेवटी. भांडी विसळताना, पाठ करून. समोरासमोर माझ्याच्यानं झालं नसतं.

"गादीखाली काय आहे?"

टिटवी ताट पुसत होती. पुसतच राहिली. "बघितलंयस ना तू? मग विचारतेस कशाला?"

टिटवी हे नाव ह्यांनी ठेवलेलं. लहानपणी दिवसभर टिवटिव चालायची म्हणून. मला ते नाव अजिबात पसंत नव्हतं, टिटवी ओरडली की घरात काहीतरी वाईट होतं म्हणतात. त्यावरून हे मला काय काय चिडवायचे! "रविवारी पुढच्या बाकावर बसणारी तू, आणि शकुन-अपशकुन मानतेस होय?" गेल्या वर्षी जुलैत हे गेले. लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला माणूस — सातव्या मजल्यावर छातीत कळ आली, खाली आणेपर्यंत संपलं होतं. तेव्हापासून पोरीची टिवटिव बंद आहे. सोळा पूर्ण झाली, हं आणि नाही एवढंच बोलते.

म्हटलं, "हे चेटूक आहे."

"चेटूक नाही. धर्म आहे तो, परदेशातला, निसर्गाला देव मानणारा. कोणाचं वाईट करायचं नाही हा पहिलाच नियम आहे त्यात. आपण जे करू ते तिपटीने आपल्याकडे परत येतं."

"आणि देवाकडे काय कमी पडलं तुला? बाप्तिस्मा झालाय तुझा. सगळं आयतं मिळालंय."

तिने फडकं नीट घडी करून दांडीवर टाकलं. जाता जाता म्हणाली, "चंद्राला खाली सही लागत नाही, आई."

जिभेला काही हाड! कसली सही आणि कुठली सही? उलट उत्तरं द्यायची तर निदान समजतील अशी तरी द्यावीत.

१४ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर प्रार्थनेची पेटी उघडली. तेरा चिठ्ठ्या. अकरा वाचल्या, दोन बिनसहीच्या, त्या डब्यात.

तीन वर्षं झाली, हे काम माझ्याकडे आहे. आमच्या चर्चच्या दाराजवळ पेटी असते, शेजारी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वर तारीख, मध्ये विनंती, खाली नाव आणि सही. लोक लिहितात, चार घड्या करून टाकतात. मी समोर उभी राहून एकेक वाचते आणि सगळी मंडळी मिळून प्रार्थना करते. कोणाचं ऑपरेशन, कोणाची नोकरी, कोणाचा नवरा पितो. मी हे काम घेतलं त्या वर्षी एका टवाळाने लिहिलं होतं — पाळकसाहेबांच्या घशासाठी प्रार्थना करा, म्हणजे तो लवकर बसेल आणि आपण वेळेवर जेवू. मी बिचारी सुरात वाचून गेले! सगळं देऊळ हसलं, पाळकसाहेबसुद्धा. मी मात्र कानापर्यंत लाल. त्या दिवसापासून नियम केला. सही नाही, तर वाचन नाही. बावीस वर्षं पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीवर काढली आहेत मी. तिथे तरी वेगळं काय? अर्ज हातात आला की आधी खाली बघायचं, ग्राहक क्रमांक आणि सही. नसेल तर वर काय लिहिलंय ते वाचण्यात वेळ घालवायचा नाही. निनावी तक्रारीला पाणी येत नाही, असं आमचे साहेब म्हणतात.

चिठ्ठीचंही तसंच. मी फक्त खालची घडी उघडते. कोरी दिसली की पुन्हा मिटते आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकते. फेकवत नाहीत, शेवटी देवाच्या नावाने लिहिलेल्या आहेत. डबा आता गच्च भरत आलाय.

टिटवी चौथ्या रांगेत बसली होती. प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत तिने. माझ्याकडेच बघत होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज अर्धी रजा टाकली. ती शाळेत असताना सबंध वही वाचली. चोरून वाचली, होय! आई आहे मी.

पहिल्या विधीची तारीख ८ मे. मे महिन्यात काय झालं होतं? आठवून आठवून थकले. काहीच नाही. परीक्षा संपली होती, मी नवे पडदे शिवले होते.

किती काय काय लिहिलंय! परीक्षेत हात थरथरू नये म्हणून. मैत्रिणीचा खोकला जावा म्हणून. झोप लागावी म्हणून — हे तर चार वेळा आहे. पिंपळाच्या पानावर काय, पाण्याच्या वाटीत काय. एक देवी आहे, एक देव आहे, झाडं, वारा, चंद्र. पाप कुठेच नाही. आणि पाप नाही म्हणजे क्षमाही नाही. तिथे कोणी तुमच्यासाठी मरत नाही, कोणी तुम्हाला शोधत डोंगर चढत नाही. सगळं आपल्याच हाताने करायचं. मीठ इथे ठेव, वात तिथे लाव, आणि जे मागशील ते मिळव. आम्ही मागतो आणि देवाच्या हातात सोडून देतो. त्या विक्कावाल्यांना सोडून द्यायला नको, दोरी हातात हवी. हा माझा मुद्दा. उद्या पाळकसाहेबांना सांगणार आहे.

पण खरं लिहायचं तर — इथे तरी खरं लिहू — मला कळतंय तिला का आवडलं ते. तिथे सोळा वर्षांच्या पोरीला करायला काहीतरी आहे. कोणाची परवानगी नको, कोणी मोठ्या माणसाने बोलावणं नको. स्वतःची वाटी, स्वतःचा मंत्र. आमच्याकडे ती वयात आल्यापासून उपासनेनंतर खुर्च्या उचलते.

आणि मग शेवटून तिसरं पान. "घरातल्या माणसाला रडू यावं म्हणून." वाटीत पाणी, पाण्यात मीठ, निळ्या दोऱ्याला सात गाठी, दर आठवड्याला एक सोडायची आणि म्हणायचं — तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ दे. सगळं येऊ दे, काही आत राहू देऊ नकोस.

घरात माणसं किती? दोन! आईला रडवायला मंत्र घालतेय कार्टी! कोणाचं वाईट करायचं नाही म्हणे. पाणीच आणायचं होतं तर माझ्या खात्यात अर्ज करायचा होतास बाई.

विनोद करतेय, पण घास गिळला नाही दुपारपासून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाळकसाहेबांकडे जाऊन आले. तरुण आहेत, चहा स्वतःच करतात, पाणचट करतात. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता उठून प्रार्थना करतील, तेल लावतील, काहीतरी करतील. तर म्हणाले, "तिला काय हवंय, ते विचारलंत का?"

"मला रडवायचंय तिला! लिहून ठेवलंय."

"का, ते विचारलंत?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोरं तिकडे वळतात, बाई, ती बहुतेक वेळा सैतान आवडतो म्हणून नाही. तिथे कोणीतरी ऐकतंय असं वाटतं म्हणून. जे ऐकतंय ते चंद्र आहे, त्याला कान नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पण आपल्याला कान असून आपण काय केलं, हा प्रश्न उरतोच." आणि एक सांगितलं, "सध्या कोणाला बोलू नका. तिच्याशी बोला."

पाळकसाहेबांना लेकरू नाही. बोलायला काय जातं?

२१ सप्टेंबर, रविवार

केलं. बरोबर केलं की चूक, देव जाणे, पण केलं.

देवळात जरा लवकर गेले. दाराशी पेटी दिसली आणि वाटलं, तीन वर्षं दुनियेची दुखणी वाचतेय, माझं कधी टाकलंच नाही. ह्यांच्या वेळेलासुद्धा नाही. तिथेच उभ्याने लिहिलं. "माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा. ती चेटकाच्या नादी लागली आहे. तिने माझ्यावर विधी केला आहे." खाली नाव लिहिलं, सही केली. नियम म्हणजे नियम, मलाही.

आणि मग मीच ती वाचली. पाचवी होती. माझाच आवाज, माझंच नाव. ऑर्गनवाल्या बाईंनी तोंडावर हात घेतला.

टिटवी चौथ्या रांगेत. मान खाली घातली नाही, उठून गेली नाही. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, तरी ती माझ्याकडेच बघत होती. सर्वांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली. संपल्यावर नेहमीसारख्या खुर्च्या उचलल्या तिने. एकटीने. बाकीची पोरं लांब उभी होती.

मला वाटलं, टोचलंय तिला. आतून टोचल्याशिवाय माणूस वळत नाही. मन थोडं हलकं झालं होतं माझं, कबूल करते.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑर्गनवाल्या बाई खिडकीवर आल्या. नळाची तक्रार नव्हतीच. रांगेत उभ्या राहून, मागे सात माणसं असताना विचारतात, "काय गं, रात्री काही आवाज येतात का तिच्या खोलीतून?" प्रार्थनेत ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं, हे यांना कोणी सांगितलंच नाही वाटतं. की मीच सांगायला हवं होतं?

शाळेत पोचलंय. फळ्यावर झाडूवर बसलेली बाई काढली होती म्हणे. आणि जिच्या खोकल्यासाठी हिने विधी केला, तिच्याच आईचा फोन — "तुमच्या पोरीला आमच्या पोरीपासून लांब ठेवा."

टिटवी घरी येऊन चपला जागेवर ठेवते, अभ्यास करते, जेवते, ताट धुते. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी मंडळीचे दोन पंच आणि ऑर्गनवाल्या बाई घरी आल्या. घराची शुद्धी करायची म्हणून. मी बोलावलं नव्हतं. पण दार उघडलं ना मी!

खोल्याखोल्यांतून प्रार्थना झाली. मग थोरले पंच म्हणाले, "ती वही आणा." मी आणली. मागच्या अंगणात पत्र्याच्या बादलीत टाकली. मेणबत्त्या, दोरा, सगळं. मीठ मात्र ओतून टाकलं नालीत. काडी त्यांनी माझ्या हातात दिली. "आईनेच लावावी."

लावली.

टिटवी पायरीवर उभी होती. हिरवी शाई जळताना आधी तपकिरी होते, हे आज कळलं. सगळं राख झाल्यावर ती म्हणाली, "झालं?" ऑर्गनवाल्या बाई तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या, तर एक पाऊल मागे सरकली. कोणाला उद्देशून नाही, असंच म्हणाली, "तीन गाठी राहिल्या होत्या सोडायच्या."

२८ सप्टेंबर, रविवार

आज आली नाही देवळात. बारा वर्षांत पहिल्यांदा. खुर्च्या कोणी उचलल्या ते पाहिलं नाही मी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामावरून आले, घर रिकामं. गच्चीचं दार उघडं. वर गेले. संध्याकाळ अजून पुरती सरली नव्हती आणि समोरच्या टाक्यांमागून चंद्र वर येत होता, चांगला परातीएवढा. टिटवी कठड्याजवळ. हातात काही नाही. ना वाटी, ना दोरा. नुसती उभी.

तोंडापर्यंत आलं होतं, पुन्हा सुरू का? पण तिच्या पाठीकडे बघून नाही बोलवलं. ह्यांचा राखाडी स्वेटर घातला होता तिने. मी तर सगळे कपडे बांधून देऊन टाकले होते गेल्याच वर्षी, आठवड्याच्या आत. हा तिने कधी काढून घेतला?

न वळताच म्हणाली, "बाबांबद्दल तू एकदा तरी बोललीस का गं? चौदा महिने झाले."

मी म्हटलं, "जेवायला चल, गार होतंय."

एवढंच म्हणाले मी. पोरीने सरळ विचारलं आणि मी तिला जेवायला बोलावलं!

११ ऑक्टोबर, शनिवार

नणंदबाई आल्या. टिटवीनेच फोन केला होता आत्याला. दोन पिशव्या आणि दप्तर भरून तयार होती, मला पत्ताच नाही. त्यांचं गाव बसने अडीच तासांवर. शाळेचं सगळं त्या बघणार म्हणाल्या.

मी खूप बोलले. त्या देवळात जात नाहीत, त्यांच्या घरात प्रार्थना नाही, पोर पुरती वाया जाईल — सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. दादाला पुरलं त्या दिवशी तुम्ही देवळात खुर्च्या मोजत होतात. माणसं जास्त आली म्हणून. मी बघत होते आणि ही पोर बघत होती. मी मोठी आहे, मला समजलं. हिचं काय?"

मग काय करायचं होतं? छाती बडवायची? जो देतो तोच नेतो, हे मानणाऱ्या बाईने गळा काढून रडायचं? चारचौघांत मी रडले असते तर लोक म्हणाले असते, विश्वास कच्चा आहे हिचा. आणि एकदा रडायला बसले असते तर उठलेच नसते. घर कोणी चालवलं असतं?

जाताना टिटवीने वाकून नमस्कार केला. परक्या बाईला करतात तसा.

१२ ऑक्टोबर, रविवार

भात दोघींचाच लावला गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार

नऊ चिठ्ठ्या. सगळ्यांवर सह्या. एकीत लिहिलं होतं, "आमच्या मुलाला चांगले मार्क मिळाले म्हणून आभार." वाचता वाचता आवाज बसला. पाळकसाहेबांनी उठून पाणी दिलं.

माझी प्रार्थना बंद पडली आहे. हे इथेच लिहितेय, कुठे बोलायची सोय नाही. गुडघ्यांवर बसते, ओठ हलतात, पुढे काही जात नाही. मेन बंद केल्यावर नळ नुसता सूं करतो, तसं. लोकांना सांगते, धीर धरा, वरून सुटलं की येईल. माझं वरून सुटेल असं वाटत नाही. तीन फोन केले तिला, तिन्ही वेळा आत्याच बोलली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रजा काढून गेले. पावणेपाचला पोचले. टिटवीनेच दार उघडलं. तोच स्वेटर. थोडी भरलीय अंगाने. आत्याशी बोलते चक्क, हसण्याचा आवाज बाहेरून ऐकला मी. मला बघून थांबली.

टेबलावर ताटं मांडलेली. तीन. म्हटलं, मी येणार हे माहीत होतं की काय! तोंड उजळलं असेल माझं, वेडीचं. नणंदबाईंनी नजर चुकवली आणि चौथं ताट काढायला उठल्या. तेव्हा कळलं. तिसऱ्या ताटाशेजारी ह्यांचा स्क्रूड्रायव्हर ठेवला होता, लाल मुठीचा.

टिटवी म्हणाली, "विक्कामध्ये आजचा दिवस गेलेल्या माणसांचा असतो. बाबांसाठी आहे."

आणि मी? अडीच तास बसमध्ये मनाशी घोकलं होतं, काही बोलायचं नाही, नुसतं जवळ घ्यायचं. तरी माझ्या तोंडातून काय निघावं — "मेलेल्यांना बोलवायचं नसतं. ते देवापाशी असतात, ताटावर येत नाहीत." खोटं नाही बोलले मी! आजही तेच मानते. पण खरं बोलायची वेळ असते की नाही?

ती चिडली नाही. म्हणाली, "बोलावलं नाही, आई. जागा ठेवली."

जेवले मी. काय जेवले ते विचारू नका. ह्यांच्या ताटासमोर बसून मला एक शब्द बोलता आला नाही. साडेसहाच्या बसने परत.

२ नोव्हेंबर, रविवार

पाळकसाहेबांना सांगितलं, पेटी दुसऱ्या कोणाला द्या. का, म्हणून विचारलं नाही त्यांनी. "थकलात," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, माझं लेकरू गेलं ते परत येणार नाही. त्यावर ते 'असं नाही' म्हणाले नाहीत, 'हो'ही म्हणाले नाहीत. निदान तोंडदेखली आशा तरी लावली नाही, हे बरं.

मंडळीतले एक रिटायर झालेले पोस्टमन घेणार आहेत काम. माझ्याकडून सगळं समजून घेतलं. खालची घडी उघडायची, सही बघायची, नसेल तर डब्यात. डबा उचलून बघितला त्यांनी, आणि म्हणाले, "यातली एकही वाचली नाहीत?"

"नियमच आहे."

"बाई, आमच्याकडे पत्त्याविना पत्र आलं ना, तर ते आम्ही फेकत नव्हतो. त्याचा वेगळा कारकून असायचा. तो उघडून सबंध वाचायचा. कोणाचं आहे त्याचा आत काही धागा सापडतो का, म्हणून."

म्हटलं, डबा मी रिकामा करून देते. घरी आणलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डबा टेबलावरच आहे. खिडकीवर सदुसष्ट तक्रारी. एका म्हातारबुवांचा अर्ज बिनसहीचा होता. वरून वाचला. तीन दिवस पाणी नव्हतं त्यांच्याकडे. सही घेतली मग.

८ नोव्हेंबर, शनिवार

उघडला डबा. हिरवी शाई. एक नाही, सतरा चिठ्ठ्या.

त्यांतली सगळ्यात वरची ४ मेची. "आज शेवटचं लिहितेय. इथे कोणी वाचत नाही. आता दुसरीकडे मागून बघते."

त्यांतली सगळ्यात खालची गेल्या वर्षीच्या ११ ऑगस्टची. "माझी आई सगळ्यांसाठी प्रार्थना करते, कोणीतरी तिच्यासाठी करा. बाबा गेल्यापासून ती एकदाही रडली नाही. तिला रडू येऊ दे, नाहीतर तीही जाईल. नाव लिहीत नाही, कारण चिठ्ठ्या तीच वाचते."